ज्युलिएट जागी झाली, आणि मग?

आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर कुणाचं 'जमलं' की त्या मुलाचं नामकरण ठरलेलं असायचं- रोमिओ! मुलीला मात्र कुणी ज्युलिएट म्हणत नसे. तिच्याबद्दल जे काही बोललं जायचं ते इथे न लिहिलेलंच बरं. तेव्हा हसण्यावारी नेलेली ही गोष्ट मला खूप वर्षांनी आठवली, ती एका नटीबद्दल वाचताना. ही नटी रंगमंचावर ज्युलिएट झाली होती आणि तिला पाहून एक तरुण खरोखरच वेडापिसा झाला होता. तिचं नाव हॅरिएट स्मिथसन.

नाटकाची गोष्ट तशी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. व्हेरोना शहरातली दोन हाडवैरी घराणी, एका घरचा मुलगा, दुसऱ्या घरची मुलगी. पण नाटक पुन्हा नीट वाचलं तर दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे सुरुवातीलाच प्रेक्षकांना सांगून टाकलेलं असतं की ही दोघं मरणार आहेत. आपल्याकडे सटवाई जसं कपाळावर लिहून जाते, तसं शेक्सपिअरने पहिल्या पानावरच त्यांचं नशीब लिहून ठेवलंय! आणि दुसरी गोष्ट, हे सगळं घडतं ते जेमतेम पाच दिवसांत. भेट, लग्न, खून, हद्दपारी, विष... सगळं पाच दिवसांत. ज्युलिएटला अजून चौदावं पुरं व्हायचंय. ती मेलेली नाही, औषध घेऊन निजली आहे, हे रोमिओला कळवणारं पत्र निघतं. पण ते नेणारा साधू प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो आणि पत्र पोचतच नाही. एक पत्र पोचलं असतं तर दोघं जगली असती, या विचाराने आपण हळहळतो.

मला मात्र नेहमी वाटायचं, बरं, पत्र पोचलं असतं तर? ज्युलिएट वेळेवर जागी झाली असती, दोघांनी दुसऱ्या गावात बिऱ्हाड केलं असतं, मूल झालं असतं, देणेकरी दारात आले असते... तर पुढे काय झालं असतं? या प्रश्नाचं उत्तर मला हॅरिएटच्या आयुष्यात सापडलं.

हॅरिएटचा जन्म १८ मार्च १८०० चा, आयर्लंडमधल्या एनिस या छोट्या गावातला. वडील नाटक कंपनी चालवायचे, आईही नटी. कंपनी म्हटली की गावोगाव भटकणं आलंच. तान्ह्या पोरीची आबाळ नको म्हणून आईवडिलांनी तिला गावातल्या एका पाद्र्याकडे सोपवलं. त्या वृद्ध गृहस्थांनी तिला पोटच्या मुलीसारखं वाढवलं, आणि नाटकाच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. ते वारल्यावर ती बोर्डिंग शाळेत गेली. पुढे घरची ओढाताण वाढली आणि चौदाव्या वर्षी, १८१४ साली, डब्लिनच्या रंगमंचावर तोंडाला रंग लावून उभी राहिली. चौदावं वर्ष, म्हणजे ज्युलिएटचंच वय की!

१८१८ मध्ये ती लंडनच्या प्रसिद्ध ड्रुरी लेन थिएटरात आली. उंच, देखणी, डोळे बोलके. पण लंडनकरांनी तिला डोक्यावर घेतलं नाही. तिच्या उच्चारांत आयरिश वळण होतं आणि तिथल्या चिकित्सक कानांना ते खटकायचं. जवळजवळ नऊ वर्षं तिने दुय्यम भूमिका केल्या. आई आणि अपंग बहीण दोघी तिच्याच कमाईवर होत्या. भूमिका आवडली नाही म्हणून सोडून देण्याची चैन तिला कधीच परवडणारी नव्हती. कमावत्या मुलींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि मग १८२७ साल उजाडलं. इंग्लिश नटांची एक कंपनी पॅरिसला निघाली, त्यात हॅरिएटही होती. खरं तर हा जुगारच होता. पाचच वर्षांपूर्वी अशाच एका इंग्लिश कंपनीला पॅरिसच्या प्रेक्षकांनी आरडाओरडा करून आणि हाताला येईल ते फेकून मारून पळवून लावलं होतं. नेपोलियनचा पराभव ताजा होता. इंग्रज म्हटलं की फ्रेंच माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जायची, मग तो शेक्सपिअर का असेना! पण पाच वर्षांत वारं फिरलं होतं. तरुण फ्रेंच लेखकांना जुन्या नियमबद्ध नाटकांचा कंटाळा आला होता.

११ सप्टेंबर १८२७. ओदेऑन थिएटरात 'हॅम्लेट' होतं. हॅम्लेट चार्ल्स केंबल आणि ऑफेलिया हॅरिएट. हीच ऑफेलिया पुढे आगरकरांच्या 'विकारविलसित'मधून मराठीत आली. प्रेक्षकांत व्हिक्टर ह्यूगो, अलेक्झांडर द्यूमा, चित्रकार देलाक्रवा अशी मंडळी. बहुतेकांना इंग्रजी येत नव्हतं. वेड्या झालेल्या ऑफेलियाचा प्रवेश आला. हॅरिएटने डोक्यावरचा काळा पदर काढून जमिनीवर पसरला, जणू तेच बापाचं कलेवर, आणि त्यावर फुलं वाहू लागली. भाषा कळत नसलेलं थिएटर रडत होतं. लंडनला खटकणारे तिचे उच्चार इथे आडवे आलेच नाहीत, कारण इथे शब्दांवर कुणाचं लक्षच नव्हतं! तिचा चेहरा, हात, डोळे हेच बोलत होते. सत्तावीस वर्षांची ती मुलगी एका रात्रीत पॅरिसची लाडकी झाली. ऑफेलियाच्या विस्कटलेल्या केसांत खोचलेल्या गवताच्या काड्या आणि तो काळा पदर यांची चक्क फॅशन आली. उच्चभ्रू बायका तशी केशरचना करून मिरवू लागल्या.

चार दिवसांनी, १५ सप्टेंबरला, ती ज्युलिएट झाली.

इथे नाटकाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. हॅरिएटची कंपनी जे 'रोमिओ अँड ज्युलिएट' करायची, त्यात शेवट थोडा बदललेला होता. शेक्सपिअरच्या मूळ नाटकात रोमिओ मेल्यावरच ज्युलिएट जागी होते. अठराव्या शतकात डेव्हिड गॅरिक या नटाने त्यात फेरफार केला. रोमिओ विष पितो आणि ते भिनायच्या आत ज्युलिएट डोळे उघडते. क्षणभर दोघं आनंदाने वेडी होतात आणि मग त्याला आठवतं की आपण विष प्यायलो आहोत! नशिबाची ही थट्टा मूळ नाटकापेक्षाही क्रूर वाटते मला. मिळालं मिळालं म्हणेपर्यंत हातातून गेलं.

त्या दोन्ही प्रयोगांना तेवीस वर्षांचा एक तरुण संगीतकार हजर होता, हेक्टर बर्लिओझ. डॉक्टर बापाने मेडिकल शिकायला पॅरिसला पाठवलेला आणि ते सोडून संगीताच्या नादी लागलेला. त्यालाही इंग्रजी येत नव्हतं. नाटकाने आणि नटीने त्याला असं काही झपाटलं की तो दिवस दिवस रस्त्यांवर भटकू लागला. झोप उडाली, काम थांबलं. त्याने तिला पत्रांवर पत्रं लिहिली. ती पत्रं वाचून हॅरिएट घाबरली आणि या माणसाची पत्रं यापुढे घेऊच नकोस असं तिने मोलकरणीला बजावलं.

नाटकातलं पत्र प्लेगमुळे पोचलं नाही. इथे पत्रं पोचत होती, पण जिला पाठवली होती तिला ती नको होती. आपल्याला सिनेमांनी इतकी वर्षं शिकवलंय की खरा प्रेमी नकार ऐकून थांबत नाही, तो दुप्पट जोमाने मागे लागतो. बर्लिओझची कहाणीसुद्धा सगळीकडे अशीच कौतुकाने सांगितली जाते. पण एकदा हॅरिएटच्या जागी उभं राहून बघा. परका देश, परकी भाषा, रोज नवा प्रयोग, आणि एक अनोळखी माणूस तुमच्या घराजवळ राहतो, तुमच्या खिडकीवर डोळा ठेवून असतो. प्रेम वाटेल का ते? मला तर अंगावर काटा आला.

तिचं लक्ष वेधावं म्हणून त्याने १८२८ मध्ये स्वतःच्या रचनांची मैफल केली. तिच्या कानावरही ती गेली नाही. ती दौऱ्यावर पॅरिसबाहेर गेली. मग १८३० मध्ये बर्लिओझच्या कानावर तिच्या चारित्र्याबद्दल काहीबाही आलं. ती निव्वळ कंडी होती. पण त्याने ती खरी मानली आणि त्या जळफळाटात त्याच्या 'सिंफनी फँतास्तिक'ने आकार घेतला. एका कलावंताला एका स्त्रीने झपाटलंय. ती आठवली की एक विशिष्ट सुरावट येते, पुन्हा पुन्हा येते. तो अफू घेतो, स्वप्नात तिचा खून करतो, त्याचा शिरच्छेद होतो, आणि शेवटी भुताखेतांच्या मेळ्यात तीच सुरावट विद्रूप होऊन येते, कारण ती प्रेयसी आता चेटकीण झाली आहे! संगीत म्हणून ही सिंफनी थोर आहे, मीही ती पुन्हा पुन्हा ऐकली आहे. पण जिच्याशी या माणसाचं एक वाक्यही धड बोलणं झालं नव्हतं, तिला त्याने आधी देवी केलं आणि मग चेटकीण. मधली बाई त्याला दिसलीच नव्हती.

मधल्या काळात त्याने कामिल नावाच्या पियानोवादक मुलीशी वाङ्निश्चय केला. तो शिष्यवृत्तीवर इटलीला गेला आणि इकडे तिने दुसऱ्याशी लग्न केलं. तिला मारायला तो पिस्तुलं घेऊन निघालाही होता, वाटेत डोकं ठिकाणावर आलं म्हणून बरं!

आणि इथे खरोखर नशीब म्हणावं असं काहीतरी घडलं. १८३२ च्या अखेरीस बर्लिओझ पॅरिसला परतला, आणि नेमकी तेव्हाच हॅरिएटही तिथे आली होती. या वेळी स्वतःची इंग्लिश नाटक कंपनी काढून. ९ डिसेंबर १८३२ ला त्याच्या सिंफनीची मैफल होती. कुणीतरी आग्रह करून तिला नेलं. बॉक्समध्ये बसून तिने हातातला कार्यक्रमाचा कागद वाचला आणि सभागृहातल्या नजरा आपल्याकडे का वळताहेत ते हळूहळू तिच्या लक्षात आलं. ती रात्र तिला कशी गेली असेल? पाच वर्षांपूर्वीची ती भीती आता सगळ्या पॅरिससमोर, शंभर वाद्यांतून वाजत होती. पण तिला ते भावलंही असणार. कारण तिचे दिवस तेव्हा फिरले होते. पॅरिसची हौस फिटली होती, थिएटर रिकामं जात होतं, कर्ज डोक्यावर चढत होतं. सगळे विसरत चालले असताना एक माणूस आपल्याला इतकं लक्षात ठेवतो, हे कुणाला सुखावणार नाही? दुसऱ्याच दिवशी दोघांची ओळख झाली.

मार्च १८३३ मध्ये घोडागाडीतून उतरताना तिचा पाय मोडला. कंपनी बुडाली. फ्रान्झ लिस्टसारख्यांनी तिच्या मदतीसाठी मैफल केली. लग्नाला दोन्हीकडून विरोध होता. त्याच्या आईवडिलांना नटी सून नको होती, त्यातून ती परधर्मीय पंथाची आणि कर्जबाजारी. तिच्या बहिणीला हा माणूस धोकेबाज वाटत होता. हॅरिएट होय-नाही करत राहिली. तेव्हा बर्लिओझने तिच्यासमोर अफू घेतली! ती रडली, ओरडली, लग्नाचं वचन दिलं. मग त्याने उलटीचं औषध घेतलं आणि वाचला. गॅरिकच्या नाटकातला शेवटचा प्रवेशच हा, फक्त रोमिओच्या खिशात उतारा होता.

आज आपल्या मुलीसमोर कुणी असं केलं तर आपण तिला काय सांगू? यालाच प्रेम म्हणतात असं सांगू की दार उघड आणि पळ असं सांगू?

३ ऑक्टोबर १८३३ ला पॅरिसच्या ब्रिटिश वकिलातीत त्यांचं लग्न लागलं. लिस्ट साक्षीदार होता. नवरीच्या डोक्यावर हजारो फ्रँकचं कर्ज आणि नवऱ्याच्या खिशात मित्राकडून उसने आणलेले तीनशे फ्रँक! पहिली काही वर्षं मात्र खरंच सुखाची गेली असावीत. माँमार्त्रच्या टेकडीवर बागेचं छोटं घर, लिस्ट-शोपाँसारखी मित्रमंडळी येणारी-जाणारी, आणि ऑगस्ट १८३४ मध्ये मुलगा झाला, लुई.

पण नटीचं काय? तिला फ्रेंच नीट बोलता येत नव्हतं, आणि पॅरिसमध्ये इंग्रजी नाटक आता कुणाला नको होतं. तिला मूकनाट्यात काम करावं लागलं. जिच्या मुखातून ज्युलिएट बोलली होती तिला हातवारे करून पोट भरायची पाळी आली. १८३६ नंतर तेही संपलं. वय अवघं छत्तीस. दिवसभर घरात, पुरुषाची वाट बघत. तो मैफली आणि वर्तमानपत्रांतलं लिखाण यात बुडालेला. तिच्या जीवनात त्याच्याशिवाय काही उरलं नाही आणि त्याच्या जीवनात तर कितीतरी गोष्टी होत्या. घरोघरी घडणारी गोष्ट आहे ही, त्यासाठी शेक्सपिअर कशाला लागतो?

१८३८ मध्ये थोर व्हायोलिनवादक पॅगनिनीने बर्लिओझला वीस हजार फ्रँक भेट दिले. त्या निवांतपणात त्याने 'रोमिओ आणि ज्युलिएट' ही संगीतकृती रचली. नोव्हेंबर १८३९ मध्ये ती सादर झाली. तिच्यात थडग्यातला तो प्रवेश हॅरिएटने केला तसाच आहे, म्हणजे ज्युलिएट वेळेवर जागी होते तसा. गायक आहेत, समूह आहे, पण रोमिओ-ज्युलिएट मात्र गात नाहीत. त्यांचं प्रेम फक्त वाद्यं बोलतात. संगीतातले जाणकार या कल्पनेची वाखाणणी करतात, आणि ती योग्यच आहे. मला मात्र ते ऐकताना राहून राहून वाटतं, घरात बसलेली ज्युलिएट तरी कुठे बोलू शकत होती?

हॅरिएट संशयी झाली. त्याची पत्रं, खिसे तपासू लागली. दारूही जवळ केली. सुरुवातीला संशयाला आधार नव्हता, पुढे तो मिळाला. मारी रेसिओ नावाची गायिका बर्लिओझच्या आयुष्यात आली आणि १८४२ मध्ये तिला घेऊन तो बायकोला न सांगता दौऱ्यावर गेला. पुढच्या एक-दोन वर्षांत संसार मोडला. लुईची रवानगी रूआँच्या वसतिगृहात झाली. आई एकीकडे, बाप दुसरीकडे, आणि पोर तिसरीकडे. मोठा झाल्यावर त्याने बोटीवरची नोकरी धरली. का, ते सांगायला नको.

एक गोष्ट बर्लिओझच्या पदरात टाकायला हवी. त्याने तिला वाऱ्यावर सोडलं नाही. दोन घरांचा खर्च शेवटपर्यंत केला, तो तिला भेटायला येत राहिला. १८४८ पासून तिला पक्षाघाताचे झटके आले. शरीर लुळं पडलं आणि वाचा जवळजवळ गेली. आवाजावर जगलेली ती बाई चार-पाच वर्षं अशी पडून होती. ३ मार्च १८५४ ला माँमार्त्रच्या घरात ती गेली. तिला तिथल्याच लहान दफनभूमीत पुरलं, तोंड उत्तरेला, तिच्या मायदेशाकडे करून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्लिओझने मारीशी लग्न केलं.

तिच्या मृत्यूनंतर लिस्टने बर्लिओझला सांत्वनाचं पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की तिने तुला प्रेरणा दिली, तू तिच्यावर प्रेम केलंस, तिला सुरांत गायलंस, तिचं कार्य पूर्ण झालं. मित्राने मित्राला प्रेमाने लिहिलेलं पत्र आहे ते. पण वाचून मी कितीतरी वेळ अस्वस्थ होते. तिचं कार्य एवढंच? एनिसमधल्या त्या पोरीने आईला आणि बहिणीला पोसलं, भाषा न कळणाऱ्या थिएटरला रडवलं, एका देशाला शेक्सपिअर दाखवला. ते कुणाच्या खात्यात लिहायचं?

गोष्ट इथेही संपत नाही. १८६४ मध्ये ती लहान दफनभूमी हटवायची ठरली. बर्लिओझला बोलावणं आलं. त्याच्या डोळ्यांदेखत कबर खोदणाऱ्याने जीर्ण शवपेटी उघडली आणि हाताने कवटी उचलून दुसऱ्या पेटीत ठेवली. हॅम्लेटमधला कवटीचा प्रवेश! ज्या नाटकात त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं, त्याच नाटकातून निघालेल्या प्रवेशात तो तिला शेवटचं पाहत होता. तिचे अवशेष माँमार्त्रच्या मोठ्या दफनभूमीत नेले आणि ठेवले कुठे, तर मारीच्या शेजारी. मारी दोन वर्षांपूर्वी वारली होती. १८६७ मध्ये लुई हवानात पीतज्वराने गेला. १८६९ मध्ये बर्लिओझ. आज तिथे एकाच थडग्यात तो आणि त्याच्या दोघी बायका आहेत. जिच्या मत्सराने हॅरिएट झुरली तिच्याच शेजारी तिला कायमची जागा मिळाली. सटवाई तरी असं लिहिताना थबकली असती, नाही का?

हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः बर्लिओझच्या आठवणींतून आणि पत्रांतून. त्याने भरभरून लिहिलं. हॅरिएटच्या मनातलं सांगणारं तिच्या हातचं फारसं काही मागे राहिलेलं नाही. म्हणून ही कहाणी नेहमी एका महान संगीतकाराच्या एका वेड्या प्रेमाची म्हणून सांगितली जाते.

मी तो वाईट माणूस होता असं म्हणणार नाही. शेवटपर्यंत तिच्यासाठी त्याचा जीव तुटत होता, हे खरं आहे. पण तो प्रेमात पडला होता ज्युलिएटच्या, आणि लग्न झालं हॅरिएटशी. कर्ज, दुखरा पाय आणि ढळतं वय असलेल्या हॅरिएटशी. आणि तिनेही, कदाचित, आपल्यातली ज्युलिएट ज्याला अजून दिसते आहे त्याचा हात धरला. यात नशीब किती आणि दोघांची चूक किती, याची वाटणी मला अजून करता आलेली नाही.

पण एवढं कळलं की नाटकातल्या ज्युलिएटपेक्षा हॅरिएटचं जगणं अवघड होतं. नाटकातल्या प्रेमाला सहावा दिवस उजाडलाच नाही. हॅरिएटला वीस वर्षं रोज सकाळी उठायचं होतं. आता कुणी कौतुकाने एखाद्या मुलाला रोमिओ म्हटलं, की मला आधी ती मुलगी आठवते, जिची पत्रं न घेण्याची इच्छा कुणी मोजलीच नाही. तिला काय हवंय, हे एकदा तरी कुणीतरी विचारायला हवं होतं.